प्रोजेक्ट लॅपटॉपबाहेर काढा!

फेब्रुवारी-मार्च उजाडला की इंजिनीअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटीच्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘सर, काल माझ्या लॅपटॉपवर चालत होतं!’ समोर एक्स्टर्नल बसलेले. ब्लॅकबुक बाइंड करून आणलेलं, कव्हरवर सोनेरी अक्षरांत ग्रुपची नावं. सगळं आहे, फक्त प्रोजेक्ट उघडत नाहीये. लॅबच्या पीसीवर ते व्हर्जन नाही, डेटाबेस तिसऱ्याच पार्टनरच्या मशीनवर राहिलाय आणि तो अजून लोकलमध्ये लटकतोय. मग स्क्रीनशॉट दाखवायचे, सर मान हलवणार, मार्क पडणार. विषय संपला.

पण खरंच संपला का? सहा महिने राबून बनवलेली वस्तू जगात एकाच मशीनवर चालत असेल, तर ती बनली असं म्हणायचं कसं? माझं म्हणणं सरळ आहे. जो प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर उघडत नाही, तो अर्धाच झालाय. उरलेल्या अर्ध्याची सुरुवात एका छोट्याशा टूलपासून होते. ते मशीनवर बसवायला एक दुपार पुरते. तरीही आपल्यातले कितीतरी जण डिग्रीची तीन-चार वर्षं ते टाळतात, कारण ते टूल काळ्या स्क्रीनवर चालतं. त्यात बटण नाही, आयकॉन नाही. नुसता लुकलुकणारा कर्सर.

तुम्ही म्हणाल, मास कॉमची मुलगी आता आम्हाला टर्मिनल शिकवणार? शिकवत नाहीये, तक्रार करतेय. आमच्या वर्गाच्या पाक्षिकाची वेबसाइट शेजारच्या आयटीच्या मुलांनी बनवून दिली. सुंदर बनवली. पण कित्येक दिवस ती एकाच्या लॅपटॉपवर राहिली. तो गावी गेला की साइटही गावी जायची. वाचक म्हणून, ग्राहक म्हणून आम्हाला तुमचा कोड दिसत नाही, पत्ता दिसतो. आणि पत्ताच नसेल तर काय बघणार, कप्पाळ?

दुकान तिकडे, फोन इकडे

आधी गोंधळ दूर करू. क्लाउड ॲप्लिकेशन प्लॅटफॉर्म म्हणजे अशी सेवा, जिला तुम्ही फक्त कोड द्यायचा. सर्व्हर विकत घेणं, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं, पायथन किंवा नोड बसवणं ही सगळी उस्तवारी ती करते. उदाहरणासाठी हेरोकू घेऊ. 2007 साली अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी आधी फक्त रुबी भाषेतली ॲप्स चालवायची. 2010च्या डिसेंबरमध्ये सेल्सफोर्सने ती विकत घेण्याची घोषणा केली. जगभरच्या अनेक डेव्हलपर्सनी आपलं पहिलं ॲप इथेच चढवलं. ‘एक कमांड द्या, ॲप लाइव्ह’ ही सवय डेव्हलपर्सना लागली त्यात या कंपनीचा वाटा मोठा.

आता क्लायंट टूल. हे तुमच्या लॅपटॉपवर बसणारं छोटं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही टाइप केलेला हुकूम ते इंटरनेटवरून प्लॅटफॉर्मपर्यंत पोहोचवतं आणि तिकडचं उत्तर तुम्हाला दाखवतं. दुकान तिकडे आहे, तुमच्या हातात फक्त फोन आहे असं समजा. अनेकांना वाटतं की टूल इन्स्टॉल केलं म्हणजे हेरोकू इन्स्टॉल झालं आणि लॅपटॉप चालू ठेवला नाही तर साइट बंद पडेल. तसं काही नाही. एकदा कोड तिकडे गेला की लॅपटॉप बंद करा, ॲप तिकडे चालू राहील.

बटण असताना कमांड कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. हेरोकूच्या वेबसाइटवर डॅशबोर्ड आहे. तिथे गिटहबचं खातं जोडायचं, बटण दाबायचं, कोड आपोआप चढतो. मग काळ्या स्क्रीनशी झटापट कशाला?

याचं उत्तर 2022च्या एप्रिलमध्ये मिळालं. हेरोकूकडे ठेवलेली गिटहबची टोकन्स चोरीला गेल्याचं उघड झालं. टोकन म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी किल्ली. खबरदारी म्हणून हेरोकूने गिटहबची जोडणीच तोडली आणि ती महिन्याहून जास्त काळ बंद राहिली. ज्यांना फक्त बटण माहीत होतं, त्यांचं काम अडलं. ज्यांना कमांड येत होती, ते ‘गिट पुश’ करून कोड चढवत राहिले. दार बंद झालं तेव्हा मागचा जिना ज्याला माहीत, तोच घरात गेला.

दुसरं कारण रोजच्या कामातलं आहे. बटणांच्या जागा बदलतात. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ लावला तर त्यातला मेन्यू आज सापडत नाही. कमांडचं तसं सहसा होत नाही. पार्टनरला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवा, तो तीच टाकेल आणि तेच घडेल. चार ओळी प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या तर पुढच्या बॅचलाही उपयोगी पडतील. आणि काही चुकलं तर मजकूर जसाच्या तसा कॉपी करून विचारता येतो. ‘सर, ते उजवीकडचं निळं बटण येतच नाहीये’ असं सांगत बसावं लागत नाही.

एका दुपारचं काम

मग बसायचं कसं? कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे देतेय.

पहिली पायरी हेरोकूची नाहीच, गिटची आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हे टूल लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये बनवलं. हेरोकूला कोड पाठवण्याची नेहमीची वाट त्याच्यातूनच जाते. टर्मिनल उघडा, ‘गिट’ लिहा, स्पेस द्या, दोन डॅश आणि ‘व्हर्जन’ लिहा. आकडा आला तर गिट आहे. नाही आला तर आधी ते बसवा.

दुसरी पायरी टूलची. विंडोजवाल्यांसाठी साधा इन्स्टॉलर आहे, नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं. मॅकवर होमब्रूमधून येतं. उबंटूवर एका ओळीची स्क्रिप्ट आहे. कुठलीही स्क्रिप्ट इंटरनेटवरून थेट चालवण्याआधी ती अधिकृत साइटवरूनच घेतली आहे ना, हे मात्र बघा. कुणीतरी कमेंटमध्ये टाकलेली ओळ ‘सुडो’ लावून चालवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराची चावी देणं.

इथे एक गंमत होते. इन्स्टॉल होतं, तुम्ही ‘हेरोकू’ टाइप करता आणि विंडोज म्हणतं, ही कमांड मला ओळखू येत नाही. बरेच जण इथेच वैतागतात आणि पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. झालेलं एवढंच असतं की टूल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला कळलेलं नसतं. कमांड शोधायच्या जागांच्या यादीला ‘पाथ’ म्हणतात आणि खिडकी उघडताना ती एकदाच वाचली जाते. खिडकी बंद करा, नवी उघडा. बहुतेक वेळा काम होतं.

तिसरी पायरी ‘हेरोकू लॉगिन’. ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करायचं, परत यायचं. चौथी पायरी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘हेरोकू क्रिएट’. प्लॅटफॉर्मवर तुमच्या ॲपसाठी जागा तयार होते आणि ‘हेरोकूॲप डॉट कॉम’ने संपणारा पत्ता मिळतो. पाचवी पायरी ‘गिट पुश हेरोकू मेन’. स्क्रीनवर भराभर ओळी धावतात. त्या धावताना चहाला जाऊ नका. तुमची भाषा कोणती हे ओळखलं जातंय, कुठली लायब्ररी उतरवली जातेय, हे सगळं तिथे लिहून येतं. सहा महिन्यांत आपण नेमकं काय काय वापरलं, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

फाइलच्या नावात अडकलेली गाडी

पुश करण्याआधी दोन फाइल्स लागतात. पायथनचा प्रोजेक्ट असेल तर कुठल्या लायब्ररी लागतात त्याची यादी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यायची. दुसरी ‘प्रोकफाइल’. ॲप सुरू करायला कोणती कमांड द्यायची, ते हिच्यात एका ओळीत लिहायचं. या फाइलला एक्स्टेन्शन नसतं, पहिलं अक्षर कॅपिटल असतं. विंडोजचं नोटपॅड मात्र न विचारता मागे ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं आणि एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळे तुम्हाला ते दिसतही नाही. हेरोकू ती फाइल ओळखत नाही. संध्याकाळ गेली!

असंच ब्रँचच्या नावाचं. तुम्ही ‘मेन’ पाठवताय आणि तुमच्या मशीनवर ब्रँचचं नाव ‘मास्टर’ आहे, किंवा एकही कमिट केलेली नाही. गिट म्हणतं, अशी ब्रँच मला सापडत नाही. मेसेज रागावल्यासारखा वाटतो, पण तो फक्त खरं सांगत असतो.

लाल अक्षरं शिव्या देत नाहीत

समजा कोड चढला, पत्ता उघडला आणि तिथे लिहिलंय ‘ॲप्लिकेशन एरर’. पोटात गोळा येतो. इथेच अर्धे लोक पाठ फिरवतात आणि इथेच काळ्या स्क्रीनची खरी किंमत कळते. ‘हेरोकू लॉग्ज’ लिहून पुढे दोन डॅश आणि ‘टेल’ लिहा. ॲपच्या आत या क्षणी काय चाललंय ते ओळीओळीने समोर येतं.

त्यात कोड दिसतात. ‘एच10’ म्हणजे ॲप कोसळलं. ‘एच14’ म्हणजे वेब चालवणारा एकही डायनो चालू नाही. डायनो म्हणजे तुमचं ॲप ज्यात चालतं तो छोटा डबा. ‘आर10’ म्हणजे साठ सेकंदांत ॲप ठरलेल्या पोर्टवर उभं राहिलं नाही. हा शेवटचा कोड विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास भेटतो, कारण आपण कोडमध्ये 5000 किंवा 8000 असा पोर्ट ठोकून बसवलेला असतो. तिकडे पोर्ट प्लॅटफॉर्म ठरवतो आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून ॲपला कळवतो. बदल एका ओळीचा असतो. पण ती ओळ समजली की ‘माझं मशीन’ आणि ‘जगातलं मशीन’ यांतला फरक समजतो.

आणखी एक धडा साठवणुकीचा. हेरोकूच्या डायनोमधली डिस्क तात्पुरती असते. डायनो दिवसातून निदान एकदा नव्याने सुरू होतो आणि ॲपने चालू असताना लिहिलेल्या फाइल्स पुसल्या जातात. म्हणजे एसक्यूलाइटची फाइल सोबत घेऊन चढवलेल्या ॲपमध्ये संध्याकाळी केलेलं रजिस्ट्रेशन दुसऱ्या दिवशी गायब. अपलोड केलेले फोटोही गायब. डेटाबेस वेगळा ठेवायचा असतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. डोळ्यांसमोर डेटा उडाला की ते जन्मभर लक्षात राहतं.

किल्ली लॅबमध्ये विसरू नका

लॉगिन केल्यावर हे टूल तुमचं टोकन त्याच मशीनवर एका फाइलमध्ये ठेवतं, म्हणून दर वेळी पासवर्ड मागत नाही. घरच्या लॅपटॉपवर सोय. कॉलेजच्या लॅबमध्ये, जिथे एकाच युजरवर दिवसभर पाच बॅच बसतात, तिथे धोका. तुम्ही खुर्ची सोडल्यावर पुढचा विद्यार्थी तुमचं ॲप उडवूही शकतो. म्हणून उठण्याआधी ‘हेरोकू लॉगआउट’. नियम करून टाका.

दुसरा नियम. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची किंवा मॅपची की, यातलं काहीही कोडमध्ये लिहायचं नाही. त्यासाठी ‘हेरोकू कॉन्फिग’ आहे. तिथे ठेवलेली किंमत ॲपला मिळते, गिटमध्ये जात नाही. गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये खोडला तरी जुन्या इतिहासात राहतोच. तो बदलायलाच लागतो. 2022च्या त्या चोरीनंतर हेरोकूला मे महिन्यात ग्राहकांचे पासवर्ड रीसेट करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला किल्ल्या बदलाव्या लागल्या, तर आपण कोण लागून गेलो?

फुकट संपलं, मग शिकायचं कशाला?

हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो आणि तो खोटा नाही. हेरोकूची फुकट सेवा 28 नोव्हेंबर 2022 पासून बंद झाली. विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रोजेक्ट त्या आठवड्यात झोपी गेले. आता सगळ्यात स्वस्त ‘इको’ योजनेलाही महिना पाच डॉलर पडतात, म्हणजे साधारण चारशे-साडेचारशे रुपये. डेटाबेसचे पैसे वेगळे आणि त्यासाठी चालणारं कार्ड हवं. होस्टेलच्या मेसचा हिशोब पैशापैशाने ठेवणाऱ्याला हे सोपं नाही. गिटहबच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकमधून विद्यार्थ्यांना क्रेडिट मिळत आलंय, त्याच्या चालू अटी वाचून अर्ज करा. रेंडरसारख्या सेवांवर मर्यादा घालून का होईना, फुकट जागा मिळते. तिथलं ॲप काही काळ कुणी उघडलं नाही की झोपतं आणि पहिल्या पाहुण्याला थोडं थांबावं लागतं. व्हायव्हाला जाण्याआधी पाच मिनिटं स्वतः उघडून जागं करा, बास!

पण माझा मुद्दा पैशांच्या पुढचा आहे. कंपन्या योजना बदलतात, नावं बदलतात, टूल्सही बदलतात. रेड हॅटच्या ओपनशिफ्टचं आधी ‘आरएचसी’ नावाचं टूल होतं. 2015 मध्ये प्लॅटफॉर्म कुबरनेटीसवर गेला आणि त्याच्या जागी ‘ओसी’ आलं. क्लाउड फाउंड्रीचं ‘सीएफ’ आहे, गुगलचं ‘जीक्लाउड’. तपशील वेगळे असले तरी व्याकरण बरंचसं तेच. ओळख पटवा, जागा तयार करा, कोड पाठवा, गुपितं वेगळी ठेवा, लॉग वाचा. हेरोकूवर ज्याने हे पाच शब्द समजून घेतले, त्याला दुसरीकडे शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ज्याने फक्त व्हिडिओ पॉज करत करत ओळी उतरवल्या, त्याला मात्र योजना बदलली की पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं.

कॉलेजांनो, थोडं तुम्हीही

सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारून चालणार नाही. लॅबच्या पीसीवर काही इन्स्टॉल करायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो ज्यांच्याकडे असतो ते सर नेमके रजेवर. सुरक्षेसाठी बंधनं हवीत, मान्य. मग सत्र सुरू होताना गिट आणि एखाद्या प्लॅटफॉर्मचं टूल सगळ्या मशीनवर आधीच बसवून ठेवायला काय हरकत आहे? कॉलेजच्या नेटवर्कला प्रॉक्सी असते. ती या टूल्सना एका सेटिंगने कळवता येते, पण तिचा पत्ता विद्यार्थ्याला कुणी सांगायला तर हवा! नोटीस बोर्डावर एक कागद चिकटवला तरी पुरे.

आणि परीक्षकांसाठी एकच विनंती. ब्लॅकबुकची पानं मोजण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर प्रोजेक्टची लिंक उघडून बघा. मग ‘लॉग दाखव’ म्हणा. बाजारात तयार प्रोजेक्ट पैसे टाकून मिळतात, हे कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कोड विकत घेता येतो, छापील रिपोर्टही घेता येतो. पण चालत्या ॲपचा लॉग समोर ठेवून ‘ही ओळ का आली?’ असं विचारलं की स्वतः केलेला आणि विकत आणलेला, दोन मिनिटांत वेगळे होतात. तालुक्याच्या कॉलेजातली जी मुलगी जुन्या लॅपटॉपवर खरंच रात्री जागून काम करते, तिला तिच्या कष्टाचं माप यातून मिळेल. आज तिला आणि विकत आणणाऱ्याला मार्क सारखेच पडतात, हे जास्त टोचतं.

तेव्हा या शनिवारी एक करा. मोठा प्रोजेक्ट नको, दोन पानांचं ‘हॅलो’ म्हणणारं ॲप घ्या. टूल बसवा, लॉगिन करा, चढवा. अडलं तर मेसेजची पहिली आणि शेवटची ओळ शांतपणे वाचा, मग मित्राला विचारा. चाललं की लिंक घरी पाठवा. मावशीच्या फोनवर अक्षरं फार लहान दिसतील, मामा म्हणेल बटण दाबलं जात नाही. वहीत लिहून घ्या. परीक्षकाने न विचारलेले हे प्रश्न आहेत आणि प्रोजेक्टचा उरलेला अर्धा भाग नेमका तोच आहे.